पन्नाशीतली शेवळं

पन्नाशी उलटली की माणसाच्या बऱ्याच याद्या बंद होतात. नवे मित्र होत नाहीत, नवी गाणी पाठ होत नाहीत आणि आवडत्या पदार्थांच्या यादीला तर केव्हाच कुलूप लागलेलं असतं. माझी यादी सोलापुरात तयार झाली. कडक भाकरी, शेंगांची चटणी, हुलग्याचं माडगं, धपाटे, रविवारी मटणाचा रस्सा. पुढे नोकरीच्या निमित्ताने डोंबिवलीला आलो. तिथे चायनीज खाल्लं, थाई खाल्लं, मुलाच्या आग्रहाखातर कच्च्या माशाचा गार भातही खाल्ला आणि प्रत्येक वेळी ‘छान आहे’ म्हणालो. ‘छान आहे’ ही सभ्य माणसाची नापसंती. आवडणं निराळं. दुसऱ्यांदा वाढून घेताना इतरांना पुरेल का, याचा विचारही मनात येत नाही, तेव्हा पदार्थ आवडला असं खुशाल समजावं.

मानसशास्त्रज्ञ म्हणतात की मूल साधारण दोन वर्षांचं झालं की अनोळखी पदार्थ तोंडातून बाहेर काढायला लागतं. एव्हाना ते चालू लागलेलं असतं, आईची नजर चुकवून काहीबाही तोंडात घालू शकतं. तेव्हा हा संशयी स्वभाव त्याचा जीव वाचवत असावा. यावर उपायही त्यांनीच सांगितला आहे : नको असलेली भाजी न चिडता, न दामटता दहा-पंधरा वेळा पुढे ठेवत राहायची. आमच्या आईने हे शास्त्र न वाचता दोडक्याच्या बाबतीत राबवलं होतं. फक्त ‘न चिडता, न दामटता’ एवढा भाग गाळून. पण पन्नाशीच्या माणसापुढे नको असलेली भाजी पंधरा वेळा कोण ठेवणार? बायको दुसऱ्याच वेळी म्हणते, “नका खाऊ.” आणि विषय संपतो.

तर अशा बंद यादीत शेवळं घुसली.

ज्यांनी ती पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. मे संपता संपता, पहिल्या सरी पडतात न पडतात तोच ठाणे-रायगडच्या डोंगरउतारांवर जमिनीतून एक जांभळट-तपकिरी कोंब वर येतो. पान नाही, फांदी नाही. नुसता गुंडाळलेला, टोकदार कोंब. ही सुरणाच्या कुळातली रानटी वनस्पती. आधी फुलायचं आणि पानं मागाहून, असा तिचा उलटा कारभार. आपण जो कोंब म्हणून विकत घेतो तो खरं तर तिचा फुलोरा. शहापूर, मुरबाड, कर्जतकडच्या ठाकर-कातकरी बाया पहाटे रानात जाऊन तो खुडतात, जुड्या बांधतात आणि लोकलने कल्याण-डोंबिवली-ठाण्याला आणून स्टेशनाबाहेर फडक्यावर मांडून बसतात. शेजारी आवळ्यापेक्षा लहान, हिरव्या, आंबटढाण फळांचा ढीग असतो. ती काकडं. काकडांशिवाय शेवळं घेणं म्हणजे हेल्मेटशिवाय मोटारसायकल घेणं.

मी या फडक्यांवरून वर्षानुवर्षं चालत गेलो. दर जूनला तीच जुडी, तीच काकडं आणि भोवती वाकून निवडून घेणाऱ्या ठरावीक बायकांचा घोळका. हे आपल्यासाठी नाही, हे मी मनाशी न बोलताच ठरवून टाकलं होतं. महाराष्ट्रात स्वयंपाकघरांच्या सीमा कुठल्याच नकाशावर नसतात, पण त्या तालुक्याच्या हद्दीपेक्षा पक्क्या असतात. सोलापूरकर माणूस थायलंडची रश्शाची वाटी ओरपतो. पण भिंतीपलीकडचा शेजारी जूनमध्ये काय शिजवतो, हे त्याला ठाऊक नसतं.

आमच्या भिंतीपलीकडे एक सीकेपी काकू राहतात. त्यांच्या-आमच्या घरांत वाट्यांची देवघेव जुनी आहे. वाटी रिकामी परत करायची नाही, हा नियम दोन्हीकडून कसोशीने पाळला जातो. त्यामुळे कोणती वाटी मुळात कोणाची, हे आता दोन्ही घरांना सांगता यायचं नाही. वालाचं बिरडं आलं, की शेंगांची चटणी जाई. निनाव आलं, की पुरणपोळी जाई. शेवळं मात्र कधी आली नाहीत. याची दोन कारणं पुढे समजली. एक म्हणजे ती घरातच पुरत नसत. ढीगभर जुड्या सोलून-चिरून-शिजवून हाती येते ती वाटी-दीड वाटी. दुसरं कारण नाजूक होतं. नीट शिजली नाहीत, तर शेवळं खाजतात. शेजाऱ्याच्या घशाची जोखीम कोण घेणार?

पण त्या वर्षी काकूंचा मुलगा बाहेरगावी होता, भाजी उरली, आणि झाकण ठेवलेली वाटी आमच्या दारात आली. “तुम्ही घाटावरची माणसं, तुम्हाला आवडेल का नाही, देव जाणे. चण्याची डाळ घालून केली आहेत. सोड्यांची तुम्हाला झेपायची नाहीत,” एवढं बोलून काकू गेल्या. बायकोने वाटीत डोकावून पाहिलं. काळपट, दाट, तेल सुटलेलं काहीतरी. “आधी तुम्ही खा,” ती म्हणाली. लग्नाच्या इतक्या वर्षांत हे वाक्य मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकत होतो.

मी भाकरीच्या तुकड्याने जरासं उचललं. पहिल्यांदा लागला आंबटपणा. चिंचेचा नव्हे, जरा तुरट, रानटी. त्याच्यामागून लाल तिखट आणि भाजलेलं खोबरं. हे ओळखीचे होते, त्यांना मी मनातल्या मनात नमस्कार केला. आणि मग ती चव, जिला माझ्या यादीत शेजारच नव्हता. मातकट म्हणावी तर तेवढीच नाही. खिम्यासारखी म्हणतात, पण खिमा कसा रवाळ असतो. हे मऊ असूनही दाताखाली रेंगाळत होतं. पावसाचा पहिला शिडकावा झाल्यावर अंगणातून जो दरवळ उठतो, तो कोणी तेलावर परतला असता तर... असो. पदार्थाचं वर्णन करू लागलं की माणूस कविता करायला लागतो आणि भाजी गार होते.

दुसरा घास मी घेतला तो खात्री करायला. तिसरा कशासाठी घेतला, ते आठवत नाही. बायकोने “मला चवीपुरतं ठेवा हं” म्हटलं तेव्हा वाटीत चवीपुरतंच उरलं होतं.

मग सुरू झाला प्रतीक्षेचा तास. आम्ही दोघं पंख्याखाली एकमेकांकडे पाहत बसलो. “काही होतंय का?” “नाही. तुला?” “मी एवढंसंच खाल्लं, मला काय होणार?” मी मुद्दाम आवंढे गिळून पाहिले. घसा खाजतोय का, असा विचार करत बसलं की कोणाचाही घसा थोडाफार खाजतोच. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी दारातूनच विचारलं, “घसा बरा आहे ना?” जेवायला घालून दुसऱ्या दिवशी प्रकृतीची चौकशी करावी लागते, असा पदार्थ आपल्याकडे दुसरा नसेल. मी म्हणालो, “बरा आहे. अजून आहेत का?”

काकूंच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं त्यात आनंद होता आणि काळजीही. वाटेकरी वाढला होता.

मागाहून मी या खाजेच्या मागे लागलो. अळू, सुरण, शेवळं ही सगळी एकाच घराण्यातली. त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे अणकुचीदार स्फटिक असतात. चावलं की त्या सुया जिभेत आणि घशात टोचतात. कोणी आपल्याला खाऊ नये, म्हणून वनस्पतीने केलेला हा बंदोबस्त. आंबट रसात भरपूर शिजवल्यावर तो निकामी होतो, हे आपल्या पूर्वजांनी शोधलं. यात मला खरा प्रश्न पडतो तो पुढचाच. ज्याने पहिल्यांदा शेवळं खाल्ली, त्याचा घसा सुजला असणार. तरी तो दुसऱ्यांदा का गेला? मिरचीने तोंड पोळल्यावर पुन्हा तिच्याकडेच हात जातो, या कोड्यावर पॉल रोझिन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने पुष्कळ काम केलं आहे. त्याच्या मते, धोका खरा नाही हे ठाऊक असलं की शरीराने दिलेल्या इशाऱ्याचीही माणसाला मजा वाटू लागते. मिरचीच्या बाबतीत हे ठीक. शेवळांचा इशारा मात्र खरा असतो.

या घराण्याचा एक सदस्य तर जगप्रसिद्ध आहे. सुमात्राच्या जंगलात शेवळाचा एक प्रचंड चुलतभाऊ उगवतो, माणसाहून उंच फुलोऱ्याचा. बेक्कारी नावाच्या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाला तो १८७८ साली सापडला आणि १८८९ मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात फुलला. त्याला कुजक्या मांसासारखी दुर्गंधी येते, म्हणजे माश्या-किडे येऊन परागीकरण होतं. आजही कुठल्या उद्यानात तो फुलला की लोक तो वास घ्यायला तासन्‌तास रांग लावतात. पुरता उमलला की आपल्या शेवळाचा फुलोराही घाण वास सोडतो. म्हणून तो मिटलेला असतानाच खुडायचा. गोऱ्यांनी रांग लावून नाक धरलं. आपल्याकडच्या ठाकरांनी तो उमलायच्या आत खुडला. यात शहाणं कोण, हे मी सांगायला नको.

पुढच्या जूनमध्ये मी स्वतः त्या फडक्यापुढे वाकलो. काकूंनी बजावलं होतं : उमललेली नकोत, मिटलेली बघा, जुडी मोजून घ्या, काकडं विसरलात तर तसेच परत जा. विकणाऱ्या मावशींनी माझा नवखेपणा पहिल्या नजरेत ओळखला. “घरी कोणाला येतात का करता?” त्यांनी विचारलं. ‘येतात’ म्हटल्यावरच जुडी हातात दिली. काकडं मी न मागताच पिशवीत टाकली आणि त्यांचे पैसेही न विचारताच लावले.

ती दुपार आमच्या ओट्यावर शाळा भरल्यासारखी गेली. काकू खुर्चीवर, आम्ही दोघं उभे, हातांना खोबरेल तेल. एकेक आवरण सोलायचं, आतला दांडा बाहेर काढायचा आणि त्याच्यावरचा पिवळा दाणेदार भाग निर्दयपणे कापून फेकायचा. सगळी खाज तिथे. “राहिलंय का बघा,” काकू दर दोन मिनिटांनी म्हणत. मग बारीक चिरणं, तेलावर परतणं, काकडं ठेचून पिळलेल्या रसात शिजवणं, पुन्हा शिजवणं. या खेपेस सोडे पडले. घरभर जो वास सुटला त्याने खालच्या मजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. सोड्यांची मला झेपली. जरा जास्तच झेपली.

नवी आवड लागण्यात एक गैरसोय आहे, ती कोणी आधी सांगत नाही. तोवर जून म्हणजे माझ्या लेखी छत्र्या आणि उशिरा धावणाऱ्या गाड्या. आता मे उजाडल्यापासून मी आकाशाकडे बघतो. स्टेशनाबाहेर मावशी दिसल्या नाहीत की चुकल्यासारखं होतं. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. पाऊस जोर धरतो न धरतो तोच शेवळं संपतात आणि त्यांच्या जागी टाकळा, कुर्डू, मग कंटोळी येऊन बसतात. चांगल्या भाज्या आहेत. छान आहेत.

यावर बायकोने तोडगा काढला. शिजवून, वाटण न घालता, एक डबा बर्फाच्या कप्प्यात ठेवून दिला. काकूंना हे मुळीच पसंत नाही. त्यांच्या मते शेवळं पावसाच्या आवाजात खायची, फ्रीजच्या घरघरीत नाही. तत्त्व म्हणून मला हे मान्य आहे. डबा म्हणून नाही.

गणपतीत सोलापूरहून धाकटा भाऊ आला. त्याची यादी आणि माझी यादी एकाच ताटातली, माझ्यासारखीच कुलूपबंद. बायकोने कौतुकाने डब्यातली निम्मी शेवळं काढून चण्याची डाळ घालून केली. मी निर्धास्त होतो. तो वास घेईल, नाक मुरडेल, ‘छान आहे वहिनी’ म्हणेल आणि चटणीकडे वळेल. त्याने भाकरीचा तुकडा बुडवला. चावला. थांबला. मग काही न बोलता भांडंच स्वतःकडे ओढलं.

“वहिनी, अजून आहे का?”

“संपली,” मी म्हणालो.