‘किरकोळ बदल’ लिहिणाऱ्या भावास खुले पत्र

भावा,

आपल्या रिपॉझिटरीत तुझ्या नावावर ढीगभर कमिट आहेत आणि बहुतेकांवर तू एवढंच लिहिलंयस: ‘फिक्स’, ‘किरकोळ बदल’, ‘आता चालतंय’. कोणत्या तक्रारीवरून बदल केला, त्या तिकिटाचा नंबर एकावरही नाही. हा निव्वळ आळस आहे, आणि त्याची किंमत तू सोडून सगळे मोजतात.

तू धारूरचा, मी केजचा. तोडणीच्या हिशेबाचं हे सॉफ्टवेअर कुणाच्या पोटाशी जोडलेलं आहे, हे तुला मी सांगायचं? दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्याच गावांतून कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. हंगामाच्या मध्येच एखादा कोयता दुसऱ्या मुकादमाकडे गेला की उचल दोनदा कापली जाते, अशी तक्रार कारखान्याच्या कारकुनाने उदाहरणासह तिकिटात लिहिली होती. तू ती सोडवलीस, आणि चांगली सोडवलीस. कोडमध्ये एक ओळ टाकलीस, वर लिहिलंस ‘किरकोळ बदल’, तिकीट बंद केलंस. तिकीट एकीकडे, ओळ दुसरीकडे, दोघांची गाठ कुठेच नाही.

पुढे एका नव्या मुलीने साफसफाई करताना ती ओळ पाहिली. गिट ब्लेमने तिला तुझं नाव सांगितलं, तारीख सांगितली. कारण तू लिहिलंच नव्हतंस, ते कुठून सांगणार? ओळ निरुपयोगी वाटली, तिने काढली. त्या हंगामात पुन्हा उचल दोनदा कापली गेली. घाम गाळलेल्या माणसांचे पैसे कागदावर गायब झाले आणि बोलणी खाल्ली त्या मुलीने. ती बोलणी तुझी होती.

घरच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव कंसात जाऊन वडिलांचं लागतं, तेव्हा शेजारी फेरफार क्रमांक असतो. तो घेऊन गाव नमुना 6 उघडला की वारस कसे लागले, मंडळ अधिकाऱ्याने नोंद कधी प्रमाणित केली, सगळं सापडतं. हरकत आली तर तिच्यासाठी 6-अ वेगळा. 1966 च्या जमीन महसूल संहितेचं कलम 150 ही शिस्त घालून देतं. उद्या तलाठ्याने क्रमांकाशिवाय नाव बदललं तर तू तहसील डोक्यावर घेशील. 2023 साली न्यायमूर्ती शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दप्तरं धुंडाळली, तेव्हा जुन्या नोंदीतल्या एका ओळीची किंमत काय असते हे आपल्या जिल्ह्याने पाहिलंय. शेताच्या बाबतीत जे कळतं ते तोडणीच्या हिशेबाच्या कोडमध्ये का कळत नाही?

‘घाई होती’ म्हणू नकोस. अपाची हडूपच्या कमिटची सुरुवातच जिरातल्या तिकीट क्रमांकाने होते. लिनक्स कर्नलमध्ये दुरुस्ती पाठवणारा ‘फिक्सेस’ लिहून, मूळ चूक आणणाऱ्या कमिटच्या ओळखक्रमांकाची निदान पहिली 12 अक्षरं देतो. गिटहबवर बदलाच्या वर्णनात तोच शब्द आणि इश्यूचा नंबर लिहिला, की बदल मुख्य शाखेत जाताच इश्यू आपोआप बंद होतो. तुझ्याहून कितीतरी जास्त कामाच्या रगाड्यात असलेली माणसं हे रोज करतात.

आणि नुसता नंबर टाकून सुटू नकोस. कंपन्या बगझिला सोडून जिरावर जातात, जिरा सोडून आणखी कशावर. जुने नंबर तिथे उघडतीलच असं नाही. म्हणून नंबराबरोबर एक वाक्य कारणाचं लिही: ‘मुकादम बदलल्यास उचल दोनदा कापली जात होती.’ एवढं वाक्य असतं तर ती ओळ आज जागेवर असती.

तिकीट क्रमांक नसलेला कमिट सोमवारपासून सर्व्हरवरचं हूक परत पाठवेल. आपल्या मशीनवरचं हूक ‘नो-व्हेरिफाय’ लिहून चुकवता येतं, सर्व्हरवरचं येत नाही.

तुझा,
केजचा एक सहकारी