हसऱ्या इंजिनिअरवर स्मरणलेख कसा लिहावा : नवशिक्यांसाठी सूचना

साहित्य : एक दिवंगत नाना, एक शंभर पानी वही, दोन पेनं (एक लाल). नाना इथे जालना जिल्ह्यातले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले धरले आहेत. तुमचे नाना बांधकाम खात्यात असतील तर कालव्याच्या जागी पूल वाचावा. एमएसईबीवाल्यांनी मात्र स्वतंत्र मार्गदर्शन घ्यावं, त्यांच्या गमती वेगळ्या असतात.

सुरुवातीला विशेषणं काढून टाका. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, सुस्वभावी ही तिन्ही दशक्रियेच्या जाहिरातीत छापून झाली आहेत. पैसे भरलेत, तिथंच राहू द्या. ‘त्यांच्या जाण्याने पोकळी निर्माण झाली’ हे तर लिहूच नका. पोकळी म्हटलं की नानांनी आधी विचारलं असतं, ‘किती घनमीटर?’

पुढे नोकरी. नवशिके इथे हमखास फसतात आणि नानांना सोडून धरणाचंच चरित्र लिहायला घेतात. ते एका दमात उरका : जायकवाडीची पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते, लोकार्पण 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींच्या हस्ते, डावा कालवा 208 किलोमीटर, अंबड-घनसावंगी-परतूरकडून पुढे परभणीकडे. झालं. नानांकडे त्यातलं एक सेक्शन होतं, दोन्ही समारंभांच्या फोटोंत ते नाहीत. तेव्हा धरण ‘त्यांनी बांधलं’ असं लिहू नका. आख्ख्या मराठवाड्यात निदान प्रत्येक तिसऱ्या घरातल्या कुणीतरी ते बांधलेलं आहे.

त्याऐवजी त्यांचं काम काय होतं ते त्यांच्याच तोंडून सांगा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि कालव्याचं काँक्रीटचं अस्तर उचलून टाकते. म्हणून माती आणि अस्तर यांच्यामध्ये न फुगणाऱ्या मुरमाचा थर देतात. हे नानांनी कुठे समजावलं? पुतणीच्या लग्नात, पंगतीत. ‘वरपक्ष म्हणजे काळी माती, आग्रह केला की फुगतो. तुम्ही अस्तर. मधी मुरूम म्हणून मला बसवा.’ आणि बसलेही, व्याही आणि मुलीचा बाप यांच्या मधोमध, तिसऱ्या जिलबीपर्यंत. असा प्रसंग सापडला की तंत्रज्ञानाचा वेगळा परिच्छेद लागत नाही.

मुलाबाळांच्या आठवणी घ्यायच्या तर ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द झाकून ठेवा आणि वस्तू विचारा. आमच्या उदाहरणात ती वस्तू डंपी लेव्हल आहे. जुन्या डंपी लेव्हलच्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसतं. रविवारी नाना पोरांना जीपमध्ये घालून कालव्यावर न्यायचे (खात्याच्या जीपमध्ये, हेही लिहा, आता वसुली निघणार नाही), भरावावर तिपाई रोवायचे, पायाचे स्क्रू फिरवत बुडबुडा मधोमध आणायचे आणि लांबून डबा घेऊन येणाऱ्या आत्याकडे दुर्बीण वळवायचे. आत्या डोक्यावर चालत यायची, डबा हातात, भाजी सांडत नाही. धाकटा तिला विचारायचा, ‘आत्या, तू तिकडं उलटी कामून चालतीस?’ नाना गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, ‘तिकडं उतार आहे.’

सणवार थोडक्यात आटपा, एक धुळवड सोडून. जालन्यात धुळवडीला हत्ती रिसाला निघतो. नाना दरवर्षी घरी सांगायचे, हत्तीवर राजा म्हणून बसायचं आमंत्रण यंदाही मलाच होतं, पण लोडचं गणित बसेना म्हणून नाही म्हणालो. कुणाचं लोड, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

हुरडा मात्र सविस्तर हवा. रब्बीच्या पाळीत पाणी सोडलं की वरचे शेतकरी रात्री पाइप टाकणार आणि टेलचे, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडचे, सकाळी ऑफिसच्या दारात बसणार, हे ठरलेलं. नोटिसा काढून नाना दमले. मग त्यांनी दोन्हीकडच्यांना एकाच आगटीभोवती बोलावलं. गोवऱ्यांच्या राखेत भाजलेली गूळभेंडीची कणसं, तळव्यावर चोळून काढलेले दाणे, लसणाची चटणी, गूळ. टेलला पाणी गेलं का? त्या पाळीला गेलं. पुढच्या पाळीला परत पाइप. हा शेवटचा भाग वगळण्याचा मोह होईल, वगळू नका.

कारण खात्याचा एक नियम या लेखालाही लागू आहे. मेजरमेंट बुकात खोडरबर चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. चुकीचाही वाचता आला पाहिजे. म्हणून नानांचा राग, पत्त्यांत केलेली लबाडी, थोरलीच्या दहावीच्या निकालादिवशी साइटवर असणं, हे सगळं वाचता येईल असं ठेवा.

लेख झाला की काकूंना वाचून दाखवा. त्या हुरड्यापाशी थांबवतील. ‘असं नव्हतं काही. माणसं मीच बोलवा म्हणाले होते. हे तर मीठसुद्धा घरीच विसरून गेले.’ वाद घालू नका. लाल पेनानं रेघ मारा, काकूंची सही घ्या, आणि पान उलटून ठेवा. त्यांचं अजून सांगून झालेलं नाही.