अठरा नखं, सहा हात

मुलं बंगळूरला किंवा ह्यूस्टनला गेली की पुण्यातल्या घरी काही वस्तू ‘चार दिवसांसाठी’ म्हणून मागे राहतात. गिटार, व्यायामाची सायकल, अर्धवट भरलेलं मत्स्यालय. त्यांची राखण करणारा निवृत्त आजोबा हा कोथरूड-सहकारनगर पट्ट्यातला एक स्वतंत्र मनुष्यप्रकार आहे. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका त्यातलेच. त्यांच्या वाट्याला ससा आला. गिटारीचं एक बरं असतं, तिची नखं वाढत नाहीत.

सशाचं नाव कापूस. नात ठेवून गेली, नाव आणि ससा दोन्ही. त्या चार दिवसांना आता तीन वर्षं झाली.

“आम्हाला प्राण्यांची हौस नाही बुवा,” हे काकांचं ठाम मत. मात्र मंडईत कोथिंबिरीची जुडी ते उलटीपालटी करून, वास घेऊन, काडी न् काडी तपासून घेतात. जुडी आमटीत पडणार असती तर एवढं बघितलं नसतं, असं काकू म्हणतात.

पहिल्यांदा नखं वाढली तेव्हा काका टोपली घेऊन दवाखान्यात गेले. तिथे फक्त कुत्री-मांजरं बघत. दुसरीकडच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सगळी कापली आणि वर म्हणाले, “घरीच करत जा, सोपं असतं.” तेव्हापासून आमच्या इमारतीत ‘सोपं’ हा शब्द कोणी सहज वापरत नाही.

आधी मुहूर्त. शनिवारी नखं कापायची नाहीत, तिन्हीसांजेला नाहीत, अमावास्येला तर नाहीतच. “अहो, सशाला कुठली आलीय अमावास्या?” असं मी एकदा विचारलं. “घर कुणाचं आहे?” असं उत्तर मिळालं. त्यात गणपतीच्या आधी नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की कापूस मागचा पाय फरशीवर धाडकन आपटतो. पथकाचा ठेका चुकला की हा दुरुस्त करतो, असं काका पाहुण्यांना कौतुकाने सांगत. तो घाबरल्यावर दिलेला इशारा असतो, हे कळल्यापासून सरावाच्या वेळी त्यांच्या खिडक्या बंद असतात.

मग साहित्य. बँकेत सह्या ताडायचं भिंग, टॉर्च, छोटं नखकटर, दाढीच्या डब्यातली तुरटी आणि वाटीत कॉर्नफ्लोअर. नखाच्या आत रक्ताची शीर असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्या नखात दिसत नाही. म्हणून खालून टॉर्च धरायचा. तो मी धरतो. कापूसला बाळंत्यात गुंडाळावं तसं टॉवेलात गुंडाळून पाठीमागून आधार द्यायचं काम काकूंचं. कारण अंग मोकळं राहिलं आणि त्याने मागच्या पायांनी जोरात लाथ झाडली, तर स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. काका फक्त कापतात. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, एकूण अठरा. माळावर उकरणाऱ्या प्राण्याची नखं मातीत झिजतात. गुळगुळीत फरशीवर काय झिजणार? काकांच्या चपला.

मधे एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी युक्ती सांगितली होती. उताणा केला की ससा गप्प पडतो. काकांनी करून पाहिलं. कापूस खरंच निपचित पडला. “झोपला बघ!” काका खूश. पुढे डॉक्टरांनी समजावलं, ती झोप नव्हे. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर भीतीने असं अंग टाकतात. त्या रात्री काका जेवले नाहीत. विचारलं तर म्हणाले, ॲसिडिटी.

प्रत्यक्ष कार्यक्रमात पहिली चार नखं ठीक जातात. पाचव्याला काकांचा हात थरथरतो आणि ते इतिहासात शिरतात. “अरे, शनिवारवाड्याची जागा कशी ठरली? बाजीरावांनी तिथे सशाला कुत्र्याच्या मागे लागलेलं पाहिलं! हा असा पुण्याचा ससा!” दंतकथा आहे ती, मी म्हणतो, आणि असलाच तर तो माळावरचा रानससा, हा बिळात राहणाऱ्या युरोपातल्या सशांच्या कुळातला, जातच वेगळी. “म्हणजे बाहेरून आलेला,” काका क्षणभर थांबतात, “चालेल. पुण्यात तीन वर्षं काढलीयत.” वाड्याचा पाया 10 जानेवारी 1730 ला, शनिवारी घातला, हेही ते सांगतात. शनिवारी पाया चालतो, नखं का नाही, हे मी विचारत नाही. माझ्या हातात टॉर्च असतो.

परवाच्या रविवारी सतरा नखं झाली. रक्ताचा थेंब नाही. अठरावं काळं, मागच्या डाव्या पायाचं. कटर टेकवलं, कापूसचं नाक भराभर हलायला लागलं, काकांच्या कपाळावर घाम आला. कोण जास्त घाबरलंय ते टॉर्चच्या उजेडात नीट दिसत होतं. काकांनी कटर खाली ठेवलं. “दमलाय तो,” म्हणाले.

मग वही निघाली. बँक सुटली तरी वही सुटलेली नाही. काकांनी लिहिलं: ‘कापली 17. शिल्लक 1, पुढे ओढली.’

तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. नव्या सोसायटीत प्राणी चालतात, पुढच्या महिन्यात येऊन कापूसला घेऊन जाते म्हणाली. काकू माझ्याकडे बघायला लागल्या. काकांनी टॉवेलाची घडी केली, मोडली, परत केली.

“एवढ्यात कसं जमेल?” ते म्हणाले. “एक नख बाकी आहे त्याचं.”