काचेपलीकडचा वाढपी

ॲक्सोलॉटल पाळणाऱ्यांचे अनेक प्रकार आढळतात. त्यांतला सर्वांत प्रेमळ, आणि म्हणूनच प्राण्याला सर्वांत जड जाणारा प्रकार म्हणजे वाढपी. आपल्या देखत कोणी रिकाम्या पोटी बसलेले याला बघवत नाही. घरी आलेला कुरिअरवाला याच्याकडून लाडू खाऊन जातो. अशा माणसाच्या हाती महिन्याला जेमतेम दहा-बारा जेवणे पुरणारा प्राणी येतो, तेव्हा पुढचा सगळा प्रकार ठरल्यासारखा घडतो.

वाढपी सहसा स्वतःहून ॲक्सोलॉटल आणत नाही. २०२१ साली माइनक्राफ्ट या खेळात हा प्राणी अवतरला आणि बऱ्याच घरांतल्या मुलांनी कुत्र्याचा हट्ट सोडून याचा धरला. मुलाचा उत्साह महिनाभर टिकतो, प्राणी दहा-पंधरा वर्षे जगतो. मधली वर्षे वडिलांच्या वाट्याला येतात. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्याची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. वाढपी ती वेळेवर करतो. कागदोपत्री तो चोख असतो. त्याची ढिलाई घास भरवायच्या चिमट्याच्या टोकाशी सुरू होते.

हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडील सोचिमिल्कोच्या कालव्यांतला. सॅलमँडरच्या कुळातला असूनही तो बाल्यावस्था सोडून जमिनीवर येत नाही. मानेशी पिसांसारखे कल्ले मिरवत तो आयुष्यभर पाण्यात राहतो आणि त्याच अवस्थेत त्याला पोरेबाळे होतात. १८६४ साली पॅरिसमध्ये ऑग्युस्त द्युमेरिल यांना सहा ॲक्सोलॉटल मिळाले आणि त्यांची प्रजा युरोपभरच्या प्रयोगशाळांत पसरली. मूळ गावी मात्र उलटे झाले. १९९८ साली तिथे दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल होते, २०१४ साली ३६ उरले. मेक्सिकोच्या ५० पेसोंच्या नोटेवर त्याचे चित्र आहे, त्यामुळे आता तो कालव्यापेक्षा पाकिटात भेटण्याची शक्यता जास्त. वाढपी ही सारी माहिती पाहुण्यांना चहा येईपर्यंत ऐकवतो आणि तिच्यातून एकच निष्कर्ष काढतो : जगात इतके थोडे उरलेत, तर निदान आपल्याकडचा तरी उपाशी राहता कामा नये.

गैरसमजाला प्राण्याचा चेहराही हातभार लावतो. त्याला पापण्या नाहीत आणि तोंडाची ठेवणच हसरी आहे. पोट भरलेले असो, रिकामे असो की दुखत असो, हसू तेच. वाढपी त्या हसण्यात दर वेळी भूक वाचतो. शिवाय ॲक्सोलॉटलची नजर अधू असली तरी हालचाल आणि वास त्याला कळतो, आणि काचेपाशी सावली आली की मागोमाग घास येतो हे तो लवकर शिकतो. म्हणून सावली दिसताच तो पुढे येतो. ‘मला ओळखतो हो!’ असे म्हणत वाढपी घास सोडतो. त्यामुळे शिकवण आणखी पक्की होते. दोघांपैकी कोण कोणाला शिकवतो आहे, हे ठरवणे अवघड आहे.

घास घेण्याची रीतही आग्रहाला पोषकच आहे. ॲक्सोलॉटल चावत बसत नाही. तो तोंड झटकन उघडतो आणि पाण्यासकट समोरची वस्तू आत ओढतो. वस्तू खडा असला तरी तो आत जातो आणि आतड्यात अडकतो. म्हणून टाकीचा तळ मोकळा किंवा अगदी बारीक वाळूचा ठेवतात. पंगतीत बसलेल्या पाहुण्याला निदान पानावर आडवा हात तरी धरता येतो. ॲक्सोलॉटलला चार पाय असूनही ती सोय नाही.

वेळापत्रक तसे सोपे आहे. पिल्लाला रोज खायला लागते. साधारण दीड वर्षाने वाढ पुरी झाली की दोन-तीन दिवसांतून एकदा पुरते. प्राणी शीतरक्ती असल्यामुळे त्याची पचनशक्ती पाण्याच्या तापमानावर चालते. १६ ते १८ अंश सेल्सिअस त्याला मानवते; २४ च्या वर गेले की तो हैराण होतो आणि अन्न टाकतो. पुण्या-मुंबईच्या एप्रिलमध्ये यासाठी टाकीला चिलर बसवावा लागतो आणि शेजारच्या आरामखुर्चीतले आजोबा पंख्यावर भागवतात. वाढप्याला हे तापमान तोंडपाठ असते. ‘दोन-तीन दिवसांतून एकदा’ हे वाक्य मात्र त्याला छपाईची चूक वाटते.

उत्तम अन्न म्हणजे गांडूळ. हे कळताच वाढपी सोसायटीच्या गच्चीवरच्या गांडूळखताच्या पेटीकडे धाव घेतो. त्या पेटीत बहुधा आयसेनिया फेटिडा ही तांबूस पट्टेवाली जात असते. ती डिवचली की कडवट, वासाचा द्रव सोडते. ॲक्सोलॉटल घास आत घेतो आणि तितक्याच वेगाने बाहेर टाकतो. इथे गांडुळाची जात बदलावी, किंवा भूक नाही असे समजून थांबावे. वाढपी पदार्थ बदलतो. गोठवलेल्या ब्लडवर्मची वडी येते, मग गोळ्या, मग सोललेली कोळंबी. शेवटी मांसाचा तुकडा, जो या प्राण्याला देऊच नये, कारण सस्तन प्राण्यांची चरबी पचवण्याची त्याला सवय नाही. जिवंत गोल्डफिशही नको : त्यांतून परजीवी येतात, आणि त्यांच्यातले थायमिनेज हे विकर शरीरातले ब१ जीवनसत्त्व नष्ट करते. कडू गांडूळ थुंकल्याबद्दल चार पदार्थांची मेजवानी मिळते, हेही ॲक्सोलॉटलच्या ध्यानात येत असावे.

वाढपी घरात एकटा नसतो. सकाळी वडील घालतात, दुपारी शाळेतून आलेले मूल, आणि संध्याकाळी आजी ‘बिचारा सकाळपासून नुसता बघतोय’ म्हणत पोळीचा तुकडा सोडतात. पोळी ॲक्सोलॉटल खात नाही. ती भिजते, कुजते आणि पाण्यात अमोनिया वाढवते. त्याने कल्ले आणि कातडी होरपळते. न खाल्लेला कोणताही घास लगेच काढून टाकावा, हा नियम घरात प्रत्येकाला माहीत असतो आणि तो दुसऱ्याने पाळायचा असतो.

लठ्ठपणा ओळखायला प्राण्याकडे वरून पाहावे. पोटाची रुंदी डोक्याच्या रुंदीएवढी असली की ठीक. पोट अरुंद असेल तर प्राणी वाळला आहे. पोट डोक्याच्या पुष्कळ बाहेर आले आणि पायांच्या मुळाशी गुबगुबीत वळ्या दिसू लागल्या तर तो सुटला आहे. वाढपी नेमका समोरून पाहतो, जिथून फक्त हसू दिसते. कोणी वरून बघायला लावलेच तर त्याच्याकडे तीन खुलासे तयार असतात. पहिला : मादी आहे, अंडी असतील. हा खुलासा अगदीच खोटा नाही, कारण मादी एका खेपेला शंभरापासून हजारापर्यंत अंडी घालते आणि त्याआधी रुंद दिसते. मात्र शेपटीच्या मुळाशी ठळक फुगवटा असेल तर तो नर असतो आणि खुलासा बाद होतो. दुसरा : अंगात पाणी धरले असेल. ही शंका खरोखर आली तर पशुवैद्य गाठावा, कारण एकाएकी फुगणे हे आजाराचे लक्षण आहे. तिसरा : त्याचे हाडच मोठे आहे. याला उपचार नाही.

वजन करायचे तर टाकीतलेच पाणी घातलेला डबा आधी काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा, मग प्राणी आत सोडावा. हाताने उचलल्यास अंगावरचा संरक्षक बुळबुळीत थर निघतो. काटा ग्रॅमचा लागतो आणि तो स्वयंपाकघरात सापडतो. पहिल्या वजनानंतर तो तिथे परत घेतला जात नाही. एकट्या आकड्याला अर्थ नसतो. महिनोन्महिन्यांच्या नोंदींत तो कुठे चालला आहे ते पाहावे. वाढपी आकडा वाढला की खूश होतो आणि नातेवाइकांना कळवतो.

वजन उतरवण्यासाठी प्राण्याला उपाशी ठेवायचे नसते. दोन जेवणांतले अंतर एकेक दिवसाने वाढवावे, घास लहान करावा, गोळ्या कमी करून गांडुळावर आणावे, आणि खाऊ घालण्याचे काम घरात एकाकडेच द्यावे. तारीख आणि सही टाकीवर चिकटवलेल्या कागदावर करावी. धडधाकट प्रौढ ॲक्सोलॉटल आठवडाभर अन्नाशिवाय सहज राहतो, त्यामुळे गणपतीला कोकणात जाताना शेजाऱ्यांकडे फक्त चिलरकडे लक्ष ठेवायला किल्ली द्यावी. गांडुळांचा डबा देऊ नये. शेजारीही वाढपी असू शकतात.

एवढे करून वजन उतरायला महिने लागतात. या काळात वाढप्याच्या हाताला काम हवे. आठवड्याला साधारण एक पंचमांश पाणी बदलणे, नळाच्या पाण्यातले क्लोरीन घालवणे, अमोनिया आणि नायट्रेट तपासणे, तळाची घाण नळीने ओढून काढणे आणि तापमानाची नोंद ठेवणे ही कामे त्याच्यावर सोपवावीत. पाण्याच्या बाबतीत आग्रह कितीही झाला तरी बाधत नाही, आणि त्यात वाढप्याची संध्याकाळ सरते.