बाटलीमागे बावन्न सेंट

माझ्या नवऱ्याला व्यसन आहे ते एक्सेलचं. बिअर हे निमित्त. आम्ही राहतो मिशिगनमध्ये. इथला हिवाळा संपता संपत नाही, तेव्हा त्याने घरीच बिअर करायला घेतली. यात गुन्हा काही नाही. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यापासून घरी, स्वतःपुरती, कर न भरता बिअर करायला अमेरिकेच्या केंद्र सरकारची ना नाही. एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोघं असतील तर २००. विकायची मात्र नाही. "तुझ्या वाटचे शंभर फुकट चाललेत गं," असं तो अधूनमधून हळहळतो.

सुरुवातीचा हिशेब बिनतोड होता. पाच गॅलनच्या एका घाण्याला साहित्य चाळीस डॉलरचं, त्यात अठ्ठेचाळीस बाटल्या. म्हणजे बाटलीमागे त्र्याऐंशी सेंट. तसलीच बाटली दुकानात पावणेदोन डॉलरला. झाकणाची बादली, नळी, हायड्रोमीटर असं शंभर डॉलरचं सामान तीन घाण्यांत वसूल.

मग त्याला कळलं, की मॉल्टचा तयार पाक महाग पडतो. मोड आणून सुकवलेले जव भरडून तासभर ६६ अंशांच्या पाण्यात भिजत ठेवले, तर घाण्यामागे पंधरा डॉलर वाचतात. या पंधरा डॉलरनी आमचं घर पोखरलं. जव भिजवायला मोठा कूलबॉक्स आला. निघालेला रस एकदम उकळायला दहा गॅलनचं स्टीलचं पातेलं आलं. त्याला घरच्या शेगडीवर उकळी फुटेना, म्हणून प्रोपेनचा बर्नर. तो घरात पेटवायचा नसतो, म्हणून अंगण. आणि उकळता रस यीस्ट घालण्याइतका लवकर निवायला हवा, म्हणून पन्नास फूट तांब्याची वेटोळी नळी. ती रसात बुडवायची आणि तिच्यातून बागेतल्या नळाचं गार पाणी खेळवायचं.

सासूबाईंनी सांगलीहून व्हिडिओ कॉलवर हा थाट पाहिला. "अगं बाई, एवढं पातेलं? लग्नकार्य आहे का कुणाचं? आणि त्या बंबाचं पोट कुठं गेलं?"

"आई, हा उलटा बंब आहे. तापलेलं निववतो."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

जानेवारीत बागेतला नळ बंद ठेवावा लागतो, नाहीतर गोठून फुटतो. "बर्फ फुकट आहे की!" म्हणत त्याने तापलेलं पातेलं बर्फात रोवलं. लगतचा बर्फ वितळला, भोवती चार बोटं पोकळी झाली आणि पातेलं त्या उबदार खळग्यात निवांत वाफाळत बसलं. हा कानटोपी घालून वाकलेला, फावड्याने पोकळीत बर्फ सारतोय, चष्म्यावर वाफ धरलेली. त्या आठवड्यात स्वयंपाकघरातल्या नळाला बसणारा पितळी अडॅप्टर आला.

हे सगळं 'एकदाचा खर्च' या रकान्यात जातं आणि बाटलीच्या भावात तो रकाना धरायचा नसतो. त्यामुळे सामान वाढतंय तसा भाव उतरतोय. सध्या बावन्न सेंट. एकदा मी त्याचे शनिवारचे सहा तास बेबीसिटरच्या दराने धरून दाखवले. दुकानातली बाटली जवळजवळ निम्म्या किमतीत पडत होती. "मग तुझ्या चकल्यांचेही तास धर," तो म्हणाला. मी विषय बदलला.

पुढे बाटल्या धुवायचा कंटाळा आला. पूर्वी कोल्ड्रिंकच्या पाकासाठी वापरायचे तसले जुने स्टीलचे केग आले, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आला. ते गार ठेवायला आडवा फ्रीजर हवा होता आणि तो प्रस्ताव माझ्या नावाने मांडला गेला. "अगं, तुझं खवलेलं खोबरंही मावेल त्यात." मी विरघळले. दोन दिवसांत खोबरंही विरघळलं, कारण केगांसाठी फ्रीजरला कंट्रोलर लावून तापमान चार अंशांवर आणलं होतं.

पुढच्या वर्षीच्या यादीत शंकूच्या बुडाची स्टीलची टाकी आहे. तिच्याखाली नुसतंच 'इलेक्ट्रिशियन' असं लिहिलंय, आकडा कोरा. त्याखाली काल मी माझी एक ओळ घातली: आणखी एक फ्रीजर, फक्त खोबऱ्याचा, दोनशे डॉलर. वाटलं, आता तरी चपापेल. तो खुर्ची ओढून बसला, गोठवलेल्या खोबऱ्याचा पाकिटामागचा भाव विचारला आणि फ्रीजर किती नारळांत वसूल होतो ते पाच मिनिटांत काढून दिलं.