कोणतीही दहा रुपये

मुंबईतल्या काळा घोडा भागातलं ‘रिदम हाऊस’ हे गाण्यांचं दुकान फेब्रुवारी २०१६च्या अखेरीस बंद झालं, तेव्हा केवढी हळहळ! आमच्या लातुरात गंजगोलाईजवळच्या एका कॅसेटवाल्यानं दुकान आवरलं, तेव्हा हळहळायला चौघंच. तेही ‘कोणतीही दहा रुपये’ हा पुठ्ठा वाचून आत शिरलेले.

मी प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी उचलली. डबीला तडा, फीत बाहेर लोंबलेली.

‘मालक, पाचला द्या की.’

‘सर, हीच तुम्ही पंचवीसला नेत होता.’

‘तवा वाजत होती!’

त्यांनी कानावरची पेन्सिल भोकात घालून फीत गुंडाळून दिली. गुंडाळणावळ लावली नाही, हे विशेष.

नांदेडहून आलेले एक रसिक वेगळाच ढिगारा उपसत होते : गिऱ्हाइकांनी भरायला टाकलेल्या अन् कधीच न नेलेल्या सी-साठ. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा तास. एकीत चिठ्ठी, लाल शाईत : ‘चौथं गाणं दोनदा भरा.’ बिचाऱ्याचं लग्न जमलं असावं किंवा मोडलं.

त्यांनी पिशवीभर घेतल्या. ‘मोबाईलात ही मजा न्हाई,’ म्हणाले.

‘वाजवता कशावर?’

टेप कधीच भंगारात गेला होता. माझा अजून आहे. त्यावर फुलदाणी छान बसते.