मोत्यांचा मांडव आणि 5 जूनचा खड्डा

पट्टीश्वरमच्या गल्लोगल्ली वृक्षारोपण दिन साजरा करू इच्छिणाऱ्या उत्साही मंडळींस सप्रेम नमस्कार.

आपण 5 जूनचा मुहूर्त धरता, त्याबद्दल आधी अभिनंदन. महाराष्ट्रात तो खपून जातो. चार-आठ दिवसांत मृग बरसला की समितीची अब्रू परस्पर झाकली जाते. आपल्या कुंभकोणमच्या पंचक्रोशीत मात्र खरा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबरचा. मेट्टूर धरणातून कावेरीचे पाणी सोडण्याची रूढ तारीख 12 जून. म्हणजे कालवे कोरडे आणि पाऊस चार महिने लांब असताना रोप मातीत जाते. इतकी अचूक वेळ गाठायला अभ्यासच लागत असणार.

पट्टीश्वरमचीच कथा आपल्याला पाठ असेल. बालसंत संबंधर रणरणत्या उन्हातून दर्शनाला निघाले, तेव्हा इथल्या शिवाने, तेनुपुरीश्वराने, भूतगणांकरवी त्यांच्या डोक्यावर मोत्यांचा मांडव धरला आणि नंदीलाही बाजूला सरकवले. तमिळ आनी महिन्यात त्याचा उत्सव आजही होतो. लोक मोत्यांवर भाळतात; मला त्या ‘धरला’चे कौतुक वाटते. गणांनी मांडव रोवला, हार घालून घेतले आणि घरी गेले, असे झाले नाही. पोर देवळात पोहोचेपर्यंत खांब त्यांच्याच हातात होते. रस्त्याकडेच्या रोपाचाही हिशेब हाच आहे. खड्डा अर्ध्या तासात होतो. पाणी घालणे आणि शेळ्यांपासून राखणे निदान दोन-तीन उन्हाळे चालते. आपण सत्कार फक्त त्या अर्ध्या तासाचा करता.

समारंभाशिवाय माणसे जमत नाहीत, असे आपण म्हणाल. खरे आहे. कन्हैयालाल मुनशींनी 1950 साली वनमहोत्सव सुरू केला, तोही लोक जमतील या भरवशावरच. पण जमलेली डोकी मोजायची सवय लागली की रोपेही तशीच मोजली जातात. महाराष्ट्राचे लक्ष्य 2016 साली 2 कोटी होते, 2019 साली ते 33 कोटींवर गेले आणि 2021 मध्ये त्या मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती आली. आकडा रोपापेक्षा भराभर वाढतो, त्याला पाणीही लागत नाही.

गुलमोहर झटपट सावली देतो, हा आपला दुसरा मुद्दा. देतो, आणि वाऱ्यात फांदीही तितक्याच झटपट देतो. नोव्हेंबर 2018 मध्ये गज चक्रीवादळाने याच कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात माडांच्या बागा आडव्या केल्या. तिथे गुलमोहराच्या ठिसूळ लाकडाची काय कथा! कडुनिंब आणि करंज वाट पाहायला लावतात, एवढाच त्यांचा गुन्हा.

तेव्हा विनंती एकच. रोपे ऐप्पसीच्या, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसात, कुणालाही न बोलावता लावा. फलक, हार, भाषणे सगळे तिसरा उन्हाळा संपल्यावर होऊ द्या, तेही भर दुपारी, आणि पाहुण्यांच्या खुर्च्या झाडांखाली मांडा. मांडव भाड्याने आणावा लागलाच, तर त्याची पावती अहवालाला जोडावी.

आपला,
एक नागरिक (सध्या उन्हात)